अतिदक्षतेचा उगम

कांहीं शब्द ग्रंथांतून घरांत येतात आणि कांहीं संकटाबरोबर येतात. ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द आमच्याकडे दुसऱ्या मार्गानें आला. इ. स. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाची साथ ऐन भरांत असतां, ज्या घरांत वैद्यकाचें एकही पुस्तक नव्हतें अशा घरांतूनही ‘आमच्या माणसाला व्हेंटिलेटरची खाट मिळेल काय?’ ही चौकशी रात्रंदिवस चाललेली असे. तेव्हांपासून अतिदक्षता विभाग म्हणजे यंत्रें, आणि यंत्रें आणलीं म्हणजे दक्षता आपोआप आली, असा समज सुशिक्षित कुटुंबांतही दृढ झालेला दिसतो. नव्या रुग्णालयाच्या उद्घाटनाच्या वेळीं यंत्रांची संख्या मोठ्या अभिमानानें सांगितली जाते. तीं यंत्रें ज्यांच्या हातीं राहावयाचीं त्यांची संख्या सांगण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. हा समज कितपत खरा आहे हें ठरवावयाचें तर या विभागाचा जन्म कोठें व कसा झाला हें पाहाणें, हा आमच्या मतें सर्वांत सरळ मार्ग होय. सुदैवानें तो इतिहास पुराणकालीन नाहीं. त्याचें स्थळ ठाऊक आहे, त्यांतील माणसें ठाऊक आहेत, आणि ज्या दिवशीं त्यास आरंभ झाला तो दिवसही सांगतां येतो. स्थळ डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. दिवस २७ ऑगस्ट १९५२.

अत्यवस्थ रोग्यास इतरांपासून वेगळें काढून सतत डोळ्यांसमोर ठेवावें, ही कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. १८५४ सालीं क्रिमियाच्या युद्धांत नाइटिंगेलबाईंनीं अधिक जखमी शिपायांच्या खाटा परिचारिकांच्या बैठकीजवळ ठेवण्याची पद्धत पाडली, असें सांगतात. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत वॉल्टर डॅण्डी या मेंदूच्या शस्त्रवैद्यानें १९२३ सालीं शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांसाठीं तीन खाटांची निराळी खोली केली. आमच्याकडे तर यापूर्वीं कित्येक शतकें चरकसंहितेनें चिकित्सेचे चार पाद सांगून ठेविले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि स्वतः रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ राहून त्याची शुश्रूषा करणारा. त्याच्या अंगीं चार गुण असावेत असें संहिताकार म्हणतो: शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता. ‘अतिदक्षता’ या आजच्या शब्दांतील दक्षता तेथें माणसाच्या गुणांत गणलेली आहे, औषधांच्या किंवा उपकरणांच्या सदरांत नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील हकिकतीशीं तिचा निकट संबंध आहे. मात्र या सर्व जुन्या व्यवस्थांत एक उणीव होती. पहारेकरी होता, परंतु रोग्याचा श्वास थांबूं लागला म्हणजे तो थांबतांना पाहाण्याखेरीज त्याच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें.

श्वास थांबवून माणसास मारणाऱ्या रोगांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पोलिओची दहशत मोठी होती. या रोगाचा विषाणु मज्जारज्जूंतील, स्नायूंना चालना देणाऱ्या पेशींचा नाश करितो. पाय लुळे पडले तर मनुष्य पांगळा होऊन जगतो. परंतु छातीचे व पोटाच्या पडद्याचे स्नायु लुळे पडले कीं भाता बंद पडतो. यांतील विशेष क्रूर भाग असा कीं, रोग्याची शुद्धि बहुधा शाबूत असते. आपला श्वास अपुरा पडत आहे हें त्यास कळत असतें आणि तें बोलून दाखविण्याइतकी हवा मात्र त्याच्यापाशीं नसते.

या संकटावर बोस्टन येथें फिलिप ड्रिंकर व लुई शॉ यांनीं १९२८ सालीं एक यंत्र काढलें. रोग्यास एका लोखंडी पिंपांत निजवावयाचें, मान व डोकें तेवढें बाहेर ठेवावयाचें, आणि पिंपांतील हवा पंपानें आळीपाळीनें ओढावयाची व सोडावयाची. आंतील दाब कमी झाला कीं छाती फुगते व बाहेरची हवा नाकातोंडांवाटे आंत जाते. दाब पूर्ववत् झाला कीं ती बाहेर पडते. लोकांनीं यास ‘लोखंडी फुप्फुस’ असें नांव दिलें. याच तत्त्वावर चालणारीं, केवळ छातीवर बसविण्याचीं कवचेंही पुढें निघालीं. या यंत्रांनीं कित्येकांचे प्राण वाचविले यांत शंका नाहीं. परंतु कांहीं रोग्यांत विषाणु मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशीं, मेंदूच्या बुंध्यांत शिरतो. मग घसा लुळा पडतो, गिळतां येत नाहीं, खोकतां येत नाहीं, आणि तोंडांतील लाळ व कफ घशांत सांचून राहातो. अशा रोग्यास पिंपांत घातलें म्हणजे यंत्र हवेबरोबर ती लाळही फुप्फुसांत ओढून घेतें. अर्थात् ज्यास मदतीची गरज सर्वांत अधिक, त्यासच या यंत्राचा उपयोग सर्वांत कमी होई.

१९५१ च्या सप्टेंबरांत पोलिओविषयीं विचार करणारी आंतरराष्ट्रीय परिषद् कोपनहेगन येथेंच भरली होती. त्यानंतर वर्षही उलटलें नाहीं तों, १९५२ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस, त्याच शहरांत अशी साथ उसळली कीं तोंपर्यंत युरोपांत तिच्यासारखी क्वचितच कोणी पाहिली असेल. सांथीच्या रोगांसाठीं शहरांत ब्लेगडाम नांवाचें रुग्णालय होतें व लासेन हे त्याचे मुख्य वैद्य होते. २४ जुलै ते ३ डिसेंबर या सवाचार महिन्यांत तेथें पोलिओचे २,७२२ रोगी दाखल झाले. त्यांपैकीं ८६६ जणांस लुळेपणा आला, आणि ३१६ जणांच्या श्वासावर किंवा गिळण्याच्या क्रियेवर घाला पडला. साथ शिगेस पोहोंचली त्या वेळीं एकेका दिवशीं पन्नासांपर्यंत रोगी येत. एवढ्या आपत्तीस तोंड देण्यास रुग्णालयापाशीं साधनें किती होतीं? एक लोखंडी फुप्फुस आणि सहा कवचें.

पहिल्या तीन आठवड्यांत श्वास किंवा घसा लुळा पडलेल्या ३१ रोग्यांवर उपचार झाले. त्यांतील २७ मरण पावले. मरणारांत पुष्कळ मुलें होतीं. लासेन व त्यांचे सहकारी या रोगाविषयीं अनभिज्ञ होते असें मुळींच नाहीं. परंतु त्यांचें ज्ञानच त्यांस चकवीत होतें. रोग्यास प्राणवायु देण्यांत येई, त्यामुळें त्याचे ओठ व नखें निळीं पडत नसत आणि श्वास पुरेसा चालला आहे असें वाटे. मग त्यास घाम सुटे, रक्तदाब चढे, ज्वर वाढे, ग्लानि येई व अखेरीस प्राण जाई. विषाणु मेंदूंत पसरला, आतां इलाज नाहीं, असा निष्कर्ष त्यावरून निघे. रक्तांत क्षारांचें प्रमाण वाढलेलें दिसे. त्याचा अर्थ रक्तास कांहीं अज्ञात कारणानें क्षारता आली आहे असा लावण्यांत आला होता. ज्यास आमच्या जुन्या वैद्यकांत ‘असाध्य’ म्हणत, त्या वर्गांत हे रोगी जाऊन बसले होते.

या वेळीं ब्लेगडाम येथील मोगेन्स ब्यॉर्नबो नांवाच्या एका तरुण वैद्यास एक आठवण झाली. त्याच वर्षीं धनुर्वात झालेल्या एका अर्भकावर उपचार करतांना त्यानें ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाची मदत घेतली होती. मुलाचे आंचके थांबविण्यास स्नायु शिथिल करणारें औषध द्यावयाचें व श्वास हातानें चालू ठेवावयाचा, असा तो उपचार होता. तोच मनुष्य येथें उपयोगी पडणार नाहीं काय, असें ब्यॉर्नबोनें आपल्या वरिष्ठांस सुचविलें. आज ही सूचना अगदीं साधी वाटते; त्या काळीं ती तशी नव्हती. भूल देणारा डॉक्टर म्हणजे शस्त्रवैद्याच्या हाताखालचा मदतनीस. त्याचें राज्य शस्त्रक्रियेच्या खोलीच्या उंबरठ्यापाशीं संपलें. ज्वराच्या व सांथीच्या रुग्णालयांत त्यानें पाऊल ठेवण्याचें कारणच कोणास दिसत नसे. लासेन हे अधिकारानें व वयानें मोठे असूनही त्यांनीं ही सूचना मानली, हा त्यांचा मोठेपणा इतिहासानें विसरूं नये.

इब्सेन यांच्यापाशीं असें काय होतें कीं जें इतरांपाशीं नव्हतें? १९४९ व १९५० या सालांत त्यांनीं बोस्टन येथें हेन्री बीचर यांच्या हाताखालीं भूलशास्त्राचें शिक्षण घेतलें होतें. १९४२ सालीं कॅनडांतील माँट्रिअल येथें हॅरल्ड ग्रिफिथ यांनीं शस्त्रक्रियेच्या वेळीं ‘क्युरारे’ हें स्नायु लुळे करणारें द्रव्य प्रथम वापरलें. तेव्हांपासून भूलतज्ज्ञांची एक नवी पिढी रोग्यास हेतुपुरस्सर लुळें करून, त्याचा श्वास स्वतःच्या हातानें रबरी पिशवी दाबून चालविण्यास सरावली होती. वैद्याच्या दृष्टीनें श्वास बंद पडणें म्हणजे रोगाचा शेवट. भूलतज्ज्ञाच्या दृष्टीनें तें रोजच्या कामाचें पहिलें पाऊल. ब्लेगडाममधील भयंकर दृश्य या मनुष्यास एका अर्थीं परिचयाचें होतें.

२५ ऑगस्ट रोजीं विचारविनिमय झाला. इब्सेन यांनीं मृत रोग्यांचे शवविच्छेदनाचे अहवाल पाहिले व फुप्फुसें एवढीं बिघडलेलीं नव्हतीं कीं त्यांत हवा भरतां येऊं नये, असें त्यांच्या ध्यानांत आलें. मग रोगी मरतो कशानें? त्यांचें उत्तर असें होतें: प्राणवायु आंत जातो आहे, परंतु कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाहीं. तो रक्तांत सांचतो. घाम, वाढता रक्तदाब, ग्लानि हीं सारीं त्या विषारी सांचण्याचीं चिन्हें होत. क्षारांचें वाढलेलें प्रमाण हें त्या आम्लास तोंड देण्याच्या शरीराच्या धडपडीचें फळ आहे. रक्त क्षारमय झालेलें नसून उलट आम्ल झालेलें आहे. प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रुप यांनीं पुढें रक्ताची आम्लता प्रत्यक्ष मोजून पाहिली व इब्सेन यांचें म्हणणें खरें ठरलें. एकच आंकडा; परंतु तो एका दृष्टीनें वाचला कीं रोगी असाध्य ठरे, दुसऱ्या दृष्टीनें वाचला कीं साध्य.

दोन दिवसांनीं, २७ ऑगस्ट रोजीं, या मताची कसोटी पाहाण्यांत आली. मुलगी बारा वर्षांची होती. हातपाय लुळे पडलेले, ज्वर चढलेला, घसा कफानें भरलेला. ती आतां कांहीं तासांचीच सोबतीण असें सर्व समजून होते. गळ्याखालीं श्वासनलिकेस छिद्र पाडून तींत नळी बसविण्यांत आली. नळीभोंवतीं फुगविण्याचा एक लहानसा पट्टा होता. तो फुगविला म्हणजे वरून लाळ खालीं उतरूं शकत नसे आणि आंत भरलेली हवा वर निसटत नसे. मग इब्सेन पिशवी दाबूं लागले. परंतु हवा आंत जाईना. मुलगी गुदमरून धडपडत होती, तिच्या श्वासवाहिन्या आवळल्या होत्या. पाहाण्यास जमलेल्या वैद्यांपैकीं कांहींनीं आशा सोडून काढता पाय घेतला. तेव्हां इब्सेन यांनीं, धाडसाचा म्हणावा असा एक निर्णय घेतला. त्यांनीं तिला पेंटोथाल हें भुलीचें औषध टोचलें. तिची धडपड थांबली, आणि तिच्यापाशीं उरलेला थोडासा स्वतःचा श्वासही थांबला. आतां तिचा संपूर्ण श्वास त्यांच्या मुठींत आला; आणि पिशवी दाबतांच छाती सुरळीत वर येऊं लागली. सांचलेला कफ शोषून काढण्यांत आला. त्वचा कोरडी झाली, रक्तदाब उतरला, कार्बन डायऑक्साइडचें प्रमाण खालीं आलें. खात्री करून घेण्यासाठीं तिला पुन्हां कवचांत ठेविलें तों तींच सारीं वाईट लक्षणें परत दिसूं लागलीं. पुन्हां पिशवी लावली तों तीं नाहींशीं झालीं. एवढा निर्णायक प्रयोग वैद्यकाच्या इतिहासांत फार थोडा आढळेल. मुलगी वांचली.

येथपर्यंतची कथा एका बुद्धिमान वैद्याची आहे, आणि पुष्कळ ग्रंथकार ती येथेंच आटोपती घेतात. परंतु आमच्या मतें खरी कथा येथून पुढें आहे. एका मुलीचा श्वास एका मनुष्यानें चालविला. पण वॉर्डांत तशीं मुलें दहावीस होतीं, उद्यां आणखी येणार होतीं, आणि हा श्वास एक तास चालवून भागणारा नव्हता. लुळे झालेले स्नायु कांहीं अंशीं तरी परत चालूं लागेपर्यंत, म्हणजे कित्येक दिवस, कित्येक आठवडे, कांहींच्या बाबतींत कित्येक महिने, दर मिनिटास वीसपंचवीस वेळां कोणीतरी ती पिशवी दाबीत बसणें अवश्य होतें. जेवणासाठीं उठतां येत नव्हतें. डुलकी लागली तर चालत नव्हतें. यासाठीं माणसें कोठून आणावयाचीं?

कोपनहेगन विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांस हांक गेली. मागाहून दंतवैद्यकाचे विद्यार्थीही आले. एकंदर सुमारें दीड हजार तरुण-तरुणींनीं आळीपाळीनें पाळ्या करून, दिवस आणि रात्र, या खाटांशीं बसून हातानें श्वास पुरविला. एका वेळीं सत्तरांपर्यंत रोगी असे होते कीं त्यांचा प्राण कोणाच्या तरी पंजांत होता. एकंदर १,६५,००० तास हें काम चाललें. या आंकड्याचा अर्थ मनांत भरावा म्हणून सांगतों: हें काम एकाच मनुष्यानें न झोंपतां, न थांबतां केलें असतें तर त्यास जवळजवळ एकोणीस वर्षें लागलीं असतीं. हे विद्यार्थी विशी-बाविशींतले होते. रोग संसर्गजन्य आहे हें त्यांस पुस्तकावरून व डोळ्यांनीं दोन्ही प्रकारें ठाऊक होतें.

हें काम पंपाचें होतें, पण करणारा पंप नव्हता. नळी गळ्यांत असल्यामुळें मुलांस बोलतां येत नसे. विद्यार्थी त्यांच्या ओठांच्या व डोळ्यांच्या हालचाली वाचावयास शिकले. एका हातानें पिशवी दाबीत त्यांनीं मुलांस गोष्टी वाचून दाखविल्या, त्यांच्याशीं खेळ मांडले. पिशवी दाबण्यास जड लागूं लागली कीं नळींत कफ सांचला असें बोटांस आधीं कळे. आणि या खाटांवरील सर्वच मुलें वांचलीं नाहींत. ज्याच्यासाठीं आपण रात्रभर श्वास घेतला त्याचा देह पहांटे आपल्याच हाताखालीं थंड पडलेला पाहाण्याचा प्रसंग कित्येकांवर आला असला पाहिजे. शरीरशास्त्राच्या शंभर व्याख्यानांनीं जें शिकवतां येत नाहीं, तें या तरुणांस त्या शरद् ऋतूंत शिकावें लागलें.

फळ काय झालें तें लासेन यांनीं १९५३ च्या जानेवारींत ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. अशा रोग्यांतील मृत्यूचें प्रमाण पूर्वीं शेंकडा ऐशींहून अधिक होतें. तें साथ ओसरेपर्यंत शेंकडा चाळिसांच्या आसपास आलें. औषध नवें नव्हतें. विषाणूवर इलाज तेव्हां नव्हता आणि त्यानंतरही सांपडला नाहीं. पिशवी, नळी, प्राणवायूची टाकी हीं सारीं साधनें शस्त्रक्रियेच्या खोलींत वर्षानुवर्षें होतीं. बदलला तो चरकाचा तिसरा पाद, उपस्थाता. त्याच्या हातीं उपाय आला, त्याच्या पाळ्या ठरल्या, त्याच्यामागें जाणत्यांची देखरेख आली, आणि रक्ताचे आंकडे वेळोवेळीं पाहून त्याच्या हाताची चाल सुधारण्याची सोय झाली. या चार गोष्टी एकत्र आल्या त्या दिवशीं अतिदक्षता विभाग जन्मास आला. त्याची पाटी मागाहून लागली.

ती पाटी लावण्याचें श्रेयही इब्सेन यांच्याकडेच जातें. १९५३ च्या डिसेंबरांत त्यांनीं कोपनहेगनच्या नगरपालिकेच्या रुग्णालयांत एक विभाग उघडला. रोग कोणताही असो, श्वास किंवा रक्ताभिसरण धोक्यांत आलेला रोगी तेथें यावयाचा व डॉक्टर-परिचारिकांच्या अखंड पहाऱ्यांत राहावयाचा, असा त्याचा नियम होता. रोगाप्रमाणें वॉर्ड वांटण्याची रूढी मोडून संकटाप्रमाणें वॉर्ड मांडण्याची ही रीत नवी होती. त्या रुग्णालयाच्या वास्तूंत हल्लीं विद्यापीठाचे वर्ग भरतात. विभागाची कल्पना मात्र जगभर गेली. अमेरिकेंत पीटर साफार यांनीं १९५८ सालीं बाल्टिमोर येथें तसाच विभाग काढला.

यंत्र या कथेंत केव्हां आलें? मागाहून, आणि विद्यार्थ्यांच्या हाताची नक्कल करीत. स्वीडनमधील कार्ल-गुन्नर एंगस्ट्रॉम यांनीं ठराविक मापाची हवा नळीवाटे आंत लोटणारें यंत्र साथीच्या सुमारास सिद्ध केलें होतें. १९५३ सालीं स्टॉकहोम येथें पोलिओची साथ आली तेव्हां त्याचा मोठा उपयोग झाला. लोखंडी फुप्फुस बाहेरून छाती ओढीत असे. एंगस्ट्रॉम यांचें यंत्र व त्याचे वंशज आंतून हवा भरतात, म्हणजे पिशवी दाबणारी मूठ जें करी तेंच करितात. करोनाच्या काळांत ज्याच्यासाठीं आमचे लोक धांवाधांव करीत होते तो व्हेंटिलेटर याच कुळांतला. मुठीस लोखंड मिळालें. परंतु मुठीबरोबर असलेले डोळे, कान व मन त्या लोखंडांत घालतां आले नाहींत.

डेन्मार्कमधील या कथेचा एक धागा आमच्या घरांपर्यंत आलेला आहे, तो सांगितल्याखेरीज पुढें जाववत नाहीं. हेनिंग रूबेन या डॅनिश भूलतज्ज्ञानें होल्गर हेस या अभियंत्याच्या साहाय्यानें, दाबून सोडली कीं आपली आपण फुगणारी एक पिशवी तयार केली. पहिल्या नमुन्यांत त्यानें सायकलच्या चाकाच्या तारा वापरल्या होत्या. १९५६ पासून ही पिशवी ‘अंबू’ या नांवानें बाजारांत आली आणि प्राणवायूच्या टाकीवांचून, रस्त्यांत किंवा खेड्यांतही, श्वास देणें शक्य झालें. आमच्या सरकारी रुग्णालयांत ‘अंबू बॅग’ हा शब्द शिपायापासून सर्वांच्या तोंडीं आहे. व्हेंटिलेटर रिकामा नाहीं म्हणून रोग्याच्या बापानें, भावानें किंवा बायकोनें ती पिशवी दाबीत तासचे तास काढल्याच्या हकिकती महाराष्ट्रांतील वृत्तपत्रांत अनेकदां आल्या आहेत. वरवर पाहातां हें ब्लेगडामचेंच दृश्य. पण नीट पाहिलें तर दोहोंत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. तेथील विद्यार्थ्यास काम शिकविलेलें होतें. ठराविक वेळेनें त्यास सोडविणारा दुसरा येत होता. देखरेखीस जाणता होता आणि रक्ताची परीक्षा चालू होती. येथील बापास यांपैकीं एकही गोष्ट मिळत नाहीं. त्याच्यापाशीं केवळ अनुराग असतो. चरकानें सांगितलेल्या चार गुणांपैकीं एकावर तीन गुणांचा भार टाकणें याला शुश्रूषा म्हणत नाहींत. ती रुग्णालयानें आपली जबाबदारी रोग्याच्या घरच्यांवर ढकलणें होय.

आमच्याकडे या शास्त्राचा पाया घालणारांस हें भान पूर्णपणें होतें. मुंबईस जे. जे. रुग्णालयांत डॉ. फरोख उडवाडिया यांनीं धनुर्वाताच्या रोग्यांवर केलेलें काम वैद्यकीय जगांत मान्यता पावलें आहे. धनुर्वाताच्या उपचाराचें तत्त्व ब्लेगडामच्या जवळचेंच: आंचके औषधांनीं थांबवावयाचे, श्वास चालवावयाचा, आणि विष ओसरेपर्यंत आठवडेच्या आठवडे क्षणोक्षणीं जपावयाचें. १९९३ सालीं या शास्त्राच्या भारतीय तज्ज्ञांची संस्थाही मुंबईसच स्थापन झाली. आणि ज्या रोगानें हें सारें शिकविलें तो पोलिओ लशीच्या योगें आमच्या देशांतून गेला. २०११ च्या जानेवारीनंतर त्याच्या मूळ विषाणूचा रोगी येथें आढळला नाहीं, व २०१४ च्या मार्चमध्यें भारत पोलिओमुक्त असल्याचें जाहीर झालें. रोग गेला, त्यानें लावलेली शिस्त राहिली.

परंतु शिस्तीबरोबर एक प्रश्नही राहिला, आणि तो आम्हांस सर्वांत गहन वाटतो. जो श्वास निसर्ग चालवितो तो निसर्ग थांबवितो. जो श्वास मनुष्याच्या हातानें चालतो तो थांबवावयाचा कोणी आणि केव्हां? १९५७ च्या नोव्हेंबरांत भूलतज्ज्ञांनीं विचारल्यावरून पोप बारावे पायस यांनीं उत्तर दिलें कीं, असाधारण उपायांनीं जीव लांबविण्याचें बंधन प्रत्येक प्रसंगीं असत नाहीं. १९५९ सालीं पॅरिसच्या मोलारे व गुलों या वैद्यांनीं, यंत्रावर श्वास चालू असून मेंदू पूर्णपणें मेलेल्या रोग्यांची अवस्था प्रथम वर्णिली. १९६८ सालीं हार्वर्ड येथील मंडळानें ‘मेंदूचा मृत्यु’ याची लक्षणें ठरविलीं, आणि त्या मंडळाचे अध्यक्ष होते हेन्री बीचर. म्हणजे ज्यांच्या शिष्यानें परक्या देहांत श्वास भरावयास जगास शिकविलें, त्या गुरूसच तो श्वास व्यर्थ केव्हां होतो हें सांगण्याची पाळी आली. भारतांत १९९४ च्या अवयवरोपणाच्या कायद्यानें मेंदूच्या बुंध्याच्या मृत्यूस मान्यता दिली. २०१८ च्या मार्चमध्यें सर्वोच्च न्यायालयानें, असाध्य अवस्थेंत कृत्रिम आधार नाकारण्याचा व त्याविषयीं आगाऊ लिहून ठेवण्याचा मनुष्याचा अधिकार मान्य केला, आणि २०२३ सालीं त्याची किचकट रीत पुष्कळ सुलभ केली. तरीही कायदा फक्त दार दाखवितो. त्या दारांतून जावयाचें कीं नाहीं हें ठरविण्यास रोग्यास ओळखणारें व त्याच्या अवस्थेकडे रात्रंदिवस पाहिलेलें मनुष्यच लागतें. ब्लेगडामच्या विद्यार्थ्याची मूठ थांबे तेव्हां आपण थांबलों हें तिला कळे. यंत्राची कळ फिरविणारासही तें तितकेंच कळलें पाहिजे.

यावरून आम्ही यंत्रांस नांवें ठेवतों असा कोणी ग्रह करून घेऊं नये. प्रत्येक सांथीस दीड हजार विद्यार्थी व पावणेदोन लाख तास आणणें कोणासही शक्य नाहीं. यंत्रानें मुठीस ठेक्यापासून मुक्त केलें म्हणूनच परिचारिकेस रोग्याची कूस बदलावयास, नळी साफ करावयास, तोंड पुसावयास, रक्ताचे आंकडे पाहावयास व त्याच्या कपाळावर हात ठेवावयास सवड मिळाली. म्हणूनच चांगल्या अतिदक्षता विभागांत एका परिचारिकेकडे एक किंवा फार तर दोनच अत्यवस्थ रोगी असावेत असा दंडक आहे. करोनाच्या वेळीं कित्येक ठिकाणीं यंत्रें आलीं आणि तीं चालविणारीं शिकलेलीं माणसें नसल्यामुळें पडून राहिलीं. त्याचें कारण आतां वाचकांस निराळें सांगण्याची जरुरी नाहीं. आपल्या गांवांत नवें रुग्णालय उभें राहील, त्याच्या समारंभाचें निमंत्रण येईल, तेव्हां व्हेंटिलेटर किती आणले हें अवश्य विचारावें. परंतु रात्रीं तीन वाजतां त्यांच्याशेजारीं कोण बसणार, त्यास कोणी शिकविलें आहे, आणि चार तासांनीं त्यास सोडविण्यास कोण येणार, हें त्याआधीं विचारावें. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनीं १९५२ सालीं जगास जें दाखविलें तें इतकेंच आहे, आणि तें अद्याप जुनें झालेलें नाहीं.